कुसुमबाईंचं पोकर

कुसुमबाई इंगळे हातातले पत्ते पाहण्याआधी समोरच्या माणसाकडे पाहत. बाकीचे आपापल्या पत्त्यांवर वाकलेले असत, तेव्हा या गालावर हात टेकून एकेकाचा चेहरा न्याहाळत बसत. चिखलीच्या एका शाळेत त्यांनी नोकरीभर मुलींना कबड्डी शिकवली. निवृत्तीनंतर पाय मोडून घरी बसावं लागलं, तेव्हा मुलाने त्यांना पोकर शिकवलं. पुढे खामगावला आमच्या कॉलनीत राहायला आल्या आणि दुपारच्या चहाबरोबर त्यांनी ते मला शिकवलं.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाचे दोन पत्ते झाकलेले, मधले पाच सगळ्यांचे. ते हळूहळू उघडत जातात. सातांतून ज्याचे पाच भारी, तो जिंकला. पैशांऐवजी आम्ही चिंचोके लावायचो; समोरच्याने लावले तेवढे लावायचे, नाहीतर पत्ते टाकून डाव सोडायचा. माझे चिंचोके चहा निवायच्या आत संपत, कारण मला डाव सोडवतच नसे. समोरच्याकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

"काऊन वं माय, लोकाईचे पत्ते पाह्याची एवढी हौस कायले?" बाई म्हणायच्या. "कबड्डीत रिकामी चढाई करून वापस येते, ते पोरगी हारत नाही. बाद होते, ते हारते. पत्ते खराब आले? टाकून दे."

टाकायला शिकता शिकता हिवाळा सरला. "आज हारली, पन चांगली हारली," एवढीच शाबासकी मिळे.

कॉलनीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी पुरुषमंडळी पोकर खेळत. बाईंना तीच वेळ बायकांच्या कबड्डीसाठी हवी होती. इतर दिवशी कोणाला सवड? अध्यक्ष देशमुखकाका हसले. "पत्त्यात हरवा आमाले, मंग घ्या हॉल."

"हाव," बाई तिथल्या तिथे म्हणाल्या. "तुमचा एक, आमची एक."

बाईच खेळणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. त्यांनी खुर्चीवर बसवलं मला.

"बाई, मी हरले तर?"

"मी जितली त म्हनतीन, बाई जुनी खेळाडू. तू जितली त साऱ्याजनी मैदानात उतरतीन. बस."

समोर खुद्द काका. मी डावामागून डाव सोडत होते. "वहिनी, पत्ते वाटायलेच आल्या का?" मंडळी खदखदली. मग माझ्याकडे राण्यांची जोडी आली, पण मधे एक्का उघडला आणि काकांनी मूठभर चिंचोके लावले. हात शिवशिवत होता. तरी राण्या टाकल्या. काकांनी ऐटीत आपला एक्का दाखवला. बाईंनी फक्त मान हलवली.

त्यानंतर मूठभर चिंचोके लावले की ही पळते, असं काकांनी मनाशी पक्कं धरलं. मी लहान लहान डाव जिंकत राहिले. माझा ढीग त्यांच्यापेक्षा थोडा मोठा झाला, तेही त्यांना दिसलं नाही.

मग मला दोन सत्त्या आल्या. मधे उघडले राजा, सत्ती, चौकी. काका लावत होते, मी गुपचूप तेवढेच लावत होते. पुढे आणखी एक चौकी, शेवटी नव्वी. काकांनी सगळा ढीग पुढे लोटला.

"सोडा वहिनी."

"नाही काका. दाखवा."

मधले धरून त्यांचे दोन राजे, दोन चौक्या. मी पत्ते उलटे केले. तीन सत्त्या, दोन चौक्या.

पोकरात दोन जोड्यांपेक्षा हे भारी. मग बायकांनी असा गलका केला की रस्त्यावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. बाईंनी माझ्या पाठीत जोरदार थाप मारली. "राण्या टाकल्या न, तवाच जितली तू!"

पुढच्या रविवारी पदर खोचून सगळ्यांत आधी हजर झाल्या त्या देशमुखकाकू. महिन्याभरात दोन संघ उभे राहिले. सासवासुना एकमेकींना खुशाल बाद करू लागल्या.

गेल्या वर्षी बाई मुलाकडे नागपूरला राहायला गेल्या. निरोपाला आम्ही साऱ्या बसस्थानकावर जमलो. डोळे पुसणं चाललं होतं. बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"रडून काय राह्यल्या वं? आज रविवार हाये. जा, हॉल उघडा!"