नाव एकाचं, फोन दुसऱ्याचा

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. नवरा जयपूरला पोलिसात होता. तो गेल्यावर शिक्षणाची अट सैल करून मला त्याच्या जागी घेतलं, आणि हवालदार होऊन मी निवृत्त झाले. नोकरीत पुष्कळ प्रकरणं पाहिली, पुष्कळ विसरूनही गेले. एक मात्र अजून मनातून जात नाही, कारण ते मला आजही पुरतं कळलेलं नाही. नावं कोणाचीच लिहीत नाही.

तेव्हा घरोघरी नुकते कंप्युटर येत होते. आमच्या ठाण्यातल्या कंप्युटरवर धूळ बसू नये म्हणून चादर घातलेली असायची. सकाळची हजेरी झाली आणि एक बाई आत आल्या. मालवीय नगरात राहायच्या, नवरा बँकेत साहेब, बदली कोल्हापूरला झालेली. माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचलं आणि एकदम मराठीत बोलायला लागल्या.

"ताई, मला लुटलं हो! आणि तेही नावाजलेल्या कंपनीने."

बँकेत कोणाची बदली झाली की घरचं सामान नेण्यासाठी सगळे शहरातल्या सी-स्कीम भागातल्या एकाच जुन्या फर्मचं नाव सांगायचे. नाव सगळ्यांच्या तोंडी, पण फोन नंबर कोणाकडे नसायचा. या बाईंनी मुलीला कंप्युटरवर ते नाव शोधायला लावलं, वर आला त्या नंबरावर फोन केला, गाडी आली, सामान चढलं. मग फोन आला, की ठरल्याच्या दुप्पट द्या, नाहीतर सामान गोदामातच राहील. नवरा आधीच कोल्हापूरला हजर झालेला. बाईंनी पैसे भरले, सामान सुटलं, आणि त्या तक्रार द्यायला आमच्याकडे आल्या.

थानेदार साहेब म्हणाले, "ताईजी, ही तर सरळ चारसोबीस. बोलवा त्या फर्मच्या सेठला."

सेठजी साठीचे होते, पांढरा सफारी घातलेले. आल्या आल्या पिशवीतून सरकारी शिक्क्याचा कागद काढला. फर्मचं नाव त्यांच्या मालकीचं असल्याचा, रजिस्टर केलेला.

"साब, त्या दिवशी माझी एकही गाडी मालवीय नगरात गेली नाही. या बाईंचा फोनच मला आला नाही."

"मी नाव घेऊन विचारलं होतं," बाई कडाडल्या. "तुमचंच नाव!"

मी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलणारा माणूस मला सहसा कळतो. तो विचारलं त्यापेक्षा जास्त सांगतो. इथे दोघंही तेवढंच सांगत होती. मग खोटं कोण बोलतंय?

साहेबांनी सेठजींना बाकावर बसवून ठेवलं. गुन्हा त्यांच्याच नावावर दाखल होणार हे दिसत होतं. बँकेने तर त्यांना कळवलंही होतं, की या बाईंचे पैसे परत मिळेपर्यंत तुम्हाला काम नाही. सेठजी ते मला सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. "तीस वर्षं नाव सांभाळलं, बहनजी."

खबर दिली ती एका हमालाने. या धंद्यातले हमाल रोजावरचे, सकाळी जो बोलावील त्याचं सामान उचलणारे. सेठजींकडे नेहमी जाणारा एक हमाल ठाण्यासमोरून जाताना त्यांना बाकावर आणि बाईंना समोर बघून थांबला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडमजी, वो सामान तो मैंने उठाया था. सेठजी का नहीं था. मुरलीपुरा वाले का था."

आम्ही मुरलीपुऱ्यात गेलो. गोदामाच्या कोपऱ्यात छोटं ऑफिस, फोनवर एक मुलगी, आणि मालक तिशीचा, बोलायला गोड. त्याने चहा मागवला आणि आपणहून कंप्युटर उघडून दाखवला. सेठजींच्या फर्मचं नाव त्याने टाकलं. सगळ्यात वर याची जाहिरात आली. सेठजी तिच्याखाली.

"मी जाहिरातवाल्यांना पैसे देतो," तो म्हणाला. "कोणी हे नाव शोधलं की मी वर दिसतो."

"नाव त्यांचं आणि दिसणार तू?" साहेबांनी विचारलं.

"साब, माझ्या जाहिरातीत त्यांचं नाव कुठे आहे? गाडीवर आहे? पावतीवर आहे? कोणाच्या दुकानासमोर मी ठेला लावला तर ती चोरी झाली का?"

साहेबांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मीही विचारात पडले. नाव विकत घेतलं, पण लिहिलं नाही. मग चोरलं काय? परत येताना जीपमध्ये साहेब वैतागून म्हणाले, "ताईजी, इतनी नौकरी हो गई, ऐसा चोर नहीं देखा जिसके पास माल ही नहीं है."

दुसऱ्या दिवशी त्या मालकाला ठाण्यात बोलावलं. सेठजी होते, बाईही होत्या. तासभर विचारपूस चालली, पण तो एकच सांगायचा, "बाईंनीच गैरसमज करून घेतला. आम्ही कधी म्हटलं नाही की आम्ही ते आहोत."

साहेबांनी फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "त्याच्या ऑफिसात लावा. घरचं सामान न्यायचंय म्हणा, आणि सेठजींच्या फर्मचं नाव घेऊन विचारा, तुम्ही तेच का."

चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी आधीच गडबडते. त्यात ते नाव इंग्रजी. साहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, पण तिकडून मुलगी "हाँजी, बोलिए" म्हणाली आणि चिठ्ठीवरचं एक अक्षर मला लागेना. सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडाला आलं ते माझ्या माहेरच्या गावाचं नाव.

"आप... आप बोरगाव पॅकर्स ही हैं ना?"

मुलगी जराही थांबली नाही. "जी हाँ आंटीजी, वही. बताइए, सामान कहाँ जाएगा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांचं काम बिघडवलं, आता बोलणी बसणार. पण साहेब टेबलावर हात आपटून हसत सुटले. "अरे भाई, बोरगाव पॅकर्स भी तेरी ही है?"

मालकाचा चेहरा उतरला. मुलीला ठाण्यात आणलं तेव्हा ती रडकुंडीला आली होती. तिने साधेपणाने सांगून टाकलं, "साब, आम्हाला सांगून ठेवलंय. फोनवाला जे नाव घेईल, त्याला हो म्हणायचं."

बाई सेठजींकडे वळल्या. "भाऊसाहेब, मी तुम्हाला नको ते बोलले."

"तुम्ही मलाच फोन केला होतात, बहनजी," सेठजी म्हणाले. "उचलला दुसऱ्याने."

गुन्हा मुरलीपुऱ्यातल्या मालकावर दाखल झाला, फसवणुकीचा. जाहिरातीत दुसऱ्याचं नाव विकत घेता येतं की नाही, त्यासाठी साहेबांनी सेठजींना वकिलाकडे जायला सांगितलं. त्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. ती चोरी होती की नव्हती, हेही मला आज सांगता येणार नाही.

एवढं मात्र शिकले, की आपण एखाद्याला "तुम्ही तेच ना?" असं विचारतो तेव्हा आपण चौकशी करत नसतो. मनात आधीच हो धरलेलं असतं, समोरच्याने फक्त मान हलवायची. त्यानंतर मी कोणालाही तसं विचारलं नाही. "तुमचं नाव काय?" असंच विचारायचे आणि गप्प बसायचे.

मालकाने अर्धे पैसे लगेच दिले, बाकीच्या पैशांसाठी टाळाटाळ केली. साहेब त्याला पुन्हा पुन्हा बोलावत राहिले. बाई कोल्हापूरला निघून गेल्या. उन्हाळा आला, बँक पूर्ण पैशांच्या अटीवर अडूनच होती, काम नाही म्हणून सेठजींच्या दोन गाड्या विकल्या गेल्या. एका दुपारी ठाण्यात माझ्यासाठी कोल्हापूरहून फोन आला.

"ताई, आले हो पैसे! बँकेतल्या लोकांना मी आत्ताच सांगितलं. तुम्ही भाऊसाहेबांना सांगाल ना?"

ड्यूटी संपल्यावर मी सी-स्कीमला गेले. सेठजी ऑफिसात एकटेच बसले होते. मला वर्दीत बघून उभे राहिले, आणि पैसे आले म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"पूरे पैसे?"

"पूरे," मी म्हणाले.