रमाकांतकाकांची पंधरावी शाल

सारस पक्षी वाचवल्याबद्दल तरसालीच्या रमाकांतकाकांना आजवर चौदा शाली मिळाल्या होत्या. बडोद्यात शाल पांघरण्याजोगी थंडी वर्षातून जेमतेम आठ दिवस. शालीबरोबरचे नारळ नीराकाकू चटणीत घालत. पै मात्र कुणाच्या खिशातून सुटली नव्हती.

कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून काका रोज स्कूटरवरून भिखाभाईंच्या भातशेतात जात. तिथल्या पाण्यात माणसाएवढ्या उंच सारसांची जोडी घरटं करी. यंदा दोन अंडी होती. पण भात तुडवलं जातं, म्हणून भिखाभाई घरटं मोडायला निघाले होते. भरपाई कोण देणार? "तमारां सारस, मारुं खेतर," ते म्हणाले. सारस तुमचे, शेत माझं; त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली.

काकांनी निजामपुऱ्यातल्या पक्षिप्रेमी ट्रस्टचे अध्यक्ष इंद्रनील यांना गाठलं. त्यांचे पणजोबा संस्थानात कारभारी होते, आणि इंद्रनील अजून त्याच तोऱ्यात बोलत. निधी देऊ, पण देणगीदारांना घरटं दाखवायचं आणि तिथे ट्रस्टचा फलक लावायचा, ही अट. चाळीस माणसं जमली तर पक्षी अंडी टाकून जातील, असं काका काकुळतीने सांगत राहिले.

"अहो, आपण त्यांच्यासाठीच तर येतोय ना," इंद्रनील म्हणाले.

उभ्या नोकरीत हजेरीलासुद्धा खोटं न बोललेला हा माणूस. घरी येऊन त्याने काकूंकडून दोन नारळ मागून घेतले, नारळांना चुना फासला आणि खऱ्या घरट्यापासून दोन किलोमीटरवरच्या एका सोडलेल्या घरट्यात नेऊन ठेवले.

रविवारी बस भरून देणगीदार आले. पन्नास पावलांवरून नारळ पाहून त्यांना गहिवरून आलं. पक्षी कुठेत, असं एका बाईंनी विचारलं. चरायला गेलेत, काका म्हणाले. तेवढ्यात फाफडे आले नि तो प्रश्न मिटला.

निधी मिळाला. अठरा हजार फलकाला, सहा हजार भिखाभाईंना. तेवढे पुरले. खऱ्या घरट्यातली पिल्लं आईमागून भातात चालू लागली, त्या दिवशी काका बांधावर बसून चक्क रडले.

पुढे ट्रस्टने त्यांचा सत्कार केला. यापुढेही दरवर्षी फलकाजवळचंच घरटं पाहायला येऊ, असं इंद्रनील यांनी टाळ्यांच्या गजरात जाहीर केलं.

घरी काकूंनी शाल कपाटात टाकली आणि नारळ फोडायला घेतला.

"राहू दे," काका म्हणाले. "पुढच्या वर्षीचं अंडं आहे ते."