भैरोबासमोर बोललेलं

घोटावड्याच्या जत्रेतलं ऐतिहासिक नाटक भैरोबाच्या देवळासमोर होतं, आणि देवासमोर बोललेलं खरं धरायचं अशी गावाची रीत. गावातल्या कोंडाजींनी एका वर्षी सेनापती होऊन मंचावर दारू सोडल्याची शपथ घेतली होती. ती शपथ त्यांना आजतागायत पाळावी लागते आहे.

म्हणूनच वाल्मीकची झोप उडाली होती.

दरवर्षीचा नायक तो. यंदा मात्र नाटक बसवणाऱ्या गेणबानं नायकाचा शेला मनीषच्या खांद्यावर टाकला. मनीष वाल्मीकच्याच चाळीतला भाडेकरू, लातूरचा, हिंजवडीत नोकरीला. नायिका जुईली, वरच्या खोलीतली, अमरावतीची. तिच्याशी वाल्मीकचं बोलणं "पाणी येतंय ना मॅडम?" याच्या पुढे गेलं नव्हतं, पण मनातल्या मनात लग्नाच्या पंगती उठूनही गेल्या होत्या.

वाल्मीकच्या वाट्याला आला सरदार रायाजी. पहिल्या अंकात जळायचं, दुसऱ्यात कपट करायचं, तिसऱ्यात शहाणं होऊन तलवार खाली ठेवायची आणि नायिकेला म्हणायचं, "आजपासून तू माझी धाकटी बहीण."

पहिले दोन अंक शिकवावे लागले नाहीत. तिसरा आला की घसा बसायचा, नाहीतर म्हशीला कळा सुरू व्हायच्या.

"तुझी म्हस किती येळा व्यायची रं?" गेणबा वैतागला.

मनीषला फेटा बांधता येत नव्हता, ते काम वाल्मीककडे. त्यानं तो मुद्दाम सैल बांधला. तालमीतल्या लढाईत फेटा मनीषच्या नाकावर आला. सगळे हसले. जुईलीही हसली, पण पुढे होऊन तिनंच तो सारखा केला, आणि जरा जास्तच वेळ सारखा केला. मग वाल्मीकनं चिडून मनीषचं पाणी तोडलं. वरची खोलीही त्याच लाइनवर आहे, हे वरून जुईलीची हाक आल्यावर लक्षात आलं. बादल्या घेऊन जिना चढताना मागून हापशाचं पाणी घेऊन मनीष आला, तोही वरच निघालेला.

"दादा, एक माझ्याकडे द्या. दमलात तुम्ही."

वाल्मीकला त्या 'दादा'चा भयंकर राग आला. पण दुसऱ्या दिवशी फेटा घट्ट बांधला गेला.

प्रयोगात तिसऱ्या अंकापर्यंत सगळं ठीक चाललं. नायिकेचा निरोप घ्यायला मनीष पुढे आला, समोर खुर्चीत त्याच्या ऑफिसचे साहेब दिसले आणि तो गप्पच झाला. आठवण करून देणारा गेणबा नेमका चहाला गेलेला.

"बॅटरी उतरली!" कोणीतरी ओरडलं.

पुठ्ठ्याच्या झाडामागे लपलेल्या वाल्मीकला नायकाची सगळी वाक्यं पाठ होती. नुसतं गप्प राहिलं की झालं, पुन्हा कोणी मनीषला नायक करणार नव्हतं. त्यानं जुईलीकडे पाहिलं. स्नेहसंमेलनात लेकरू कविता विसरलं की आईचा होतो, तसा तिचा चेहरा झाला होता. हे नाटकातलं नव्हतं.

वाल्मीक झाडामागून बाहेर आला.

"ठाऊक आहे तू काय म्हणणार! म्हणणार, तुझ्यावाचून हा गड मला ओसाड आहे. म्हण की!"

"तुझ्यावाचून हा गड मला ओसाड आहे," मनीष म्हणाला.

"मरण आलं तरी तुझा हात सोडणार नाही. म्हण!"

मनीषनं तेही म्हटलं. असा अख्खा निरोप झाला.

"रायाजी, तूच कर की लगीन!" मागून आवाज आला. पहिल्या रांगेत वाल्मीकची आई सगुणाबाई टाळ्या वाजवत होती. जुईलीला सून करायची, हे तिनंही ठरवून टाकलं होतं.

आता म्हैस मदतीला येणार नव्हती. वाल्मीकनं तलवार खाली ठेवली. सगुणाबाईची मान जोरजोरात 'नको' म्हणून हलत होती.

"आजपासून," त्याचा आवाज चिरकला, "आजपासून तू माझी धाकटी बहीण." मग त्यानं मनीषकडे बोट केलं. "आन् ह्यो लई विसरतो, पर माणूस चांगला हाय."

हे नाटकात लिहिलेलं नव्हतं. जुईलीला रडू फुटलं, तेही लिहिलेलं नव्हतं.

"मेल्या, आलेली सून घालवलीस की रं!" सगुणाबाई उठून उभी राहिली.

सरदार रायाजीनं छाती फुगवून आईकडे पाहिलं.

"आई, खाली बस. नाटक चालू हाय. घरी बोलू."

"घरी तर येच तू," सगुणाबाई म्हणाली.