माकडं मोजणारे मास्तर

बोलता बोलता मास्तर हवेतलं काहीतरी उपटायचे. अंगठा आणि बोट जुळवायचं, हिसका द्यायचा आणि न दिसणारं रोप मागे भिरकावून द्यायचं. एका हातात चहाची बशी असली, तरी दुसऱ्या हाताची विरळणी सुरूच. समोर बसणारा हळूच मागे सरकायचा. तुम्हीही सरकला असता.

अंबाजोगाईत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मेडिकल कॉलेजात मेंदूचे पातळ काप करून काचेवर चिकटवायचे, हे त्यांचं काम. त्याआधी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत माकडांच्या मेंदूचे फोटो समोर घेऊन त्यांनी वर्षानुवर्षं एकच गोष्ट मोजली होती. एक पेशी दुसरीला कुठं कुठं जोडली जाते, त्या जोडण्या. म्हणून गल्लीत नाव पडलं, माकडं मोजणारे मास्तर. ते मीच पाडलं, हेही सांगून टाकते.

मी तेव्हा बावीस वर्षांची नवी नर्स. साडीला कडक इस्त्री, मनगटावर घड्याळ, आणि घड्याळात बघितल्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही असा तोरा. आज ती पोरगी समोर आली तर आधी पाठीत एक धपाटा घालीन, मग चहा टाकायला लावीन.

मास्तर मूळचे तलवाड्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. म्हणायचे, "बाई, बाजरी आपण दाट पेरतो का न्हाई? तसं माकडाच्या पिल्लाच्या डोक्यात जोडण्या लई दाट उगवतात. त्याच्या आईच्या डोक्यात नसतील इतक्या. मग विरळणी लागते. जिच्यातून येणंजाणं हाय ती जोडणी राहती, बाकीच्या जातात."

"आणि माणसाच्या पिल्लाचं?"

"तेच रान हाय. काहून हसता?"

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. टँकर यायच्या कितीतरी आधी गल्लीत घागरींची रांग लागायची. गावंच्या गावं सहकारी साखर कारखान्यांच्या ट्रकमध्ये बसून लांब ऊस तोडायला निघाली होती. अशात एका सकाळी सुभद्रा माझ्या दारात आली. खालच्या वस्तीत राहायची. तिचा बाळंतपणाचा सव्वा महिना आदल्याच दिवशी संपला होता आणि टोळीचा ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता.

"बाई, हिच्या उजव्या डोळ्यात पांढरं काय हाय वं?"

हातातल्या पोरीच्या डोळ्याच्या बाहुलीत दह्याच्या कवडीसारखा ठिपका होता. मी घड्याळात बघितलं. "मोतीबिंदू आहे. माझ्या आजोबांनाही होता. कच्चा आहे अजून, पिकू दे. हंगाम संपला की आण, काढून टाकतील."

मोतीबिंदू आंब्यासारखा पिकवायचा, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत. मला तेवढंच माहीत होतं.

भिंतीपलीकडून मास्तर धावत आले. पायात चप्पलही नव्हती.

"सुभद्रे, ट्रक सोड. आजच दवाखान्यात चल."

"कसं सोडू मास्तर? नवरा-बायको मिळून एक कोयता धरतेत. मी न्हाई गेले तर मुकादम त्याला बी न्हाई नेणार. हितं तर प्यायाला पाणी न्हाई."

"डोळा नंतर बी साफ होईल, माय. पण त्या डोळ्याच्या जोडण्यांतून आत्ता काहीच जात न्हाई. डोकं त्यांना उपटून टाकील. ते हंगाम संपायची वाट बघत न्हाई."

सुभद्रेनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्या इस्त्रीच्या साडीकडे बघितलं.

मी म्हणाले, "मास्तर, तुम्ही माकडं मोजा. माणसांचं मला कळतं."

घागरी घेऊन ओट्यावर बसलेले लोक हसले. सुभद्राही हसली, सुटका झाल्यासारखी. दुसऱ्या दिवशी ट्रक गेला.

मग मास्तर भिंतीवरून नुसतं सांगायचे, "पोरीला तिसरा महिना लागला." मी केस विंचरत असायचे. "पाचवा लागला." मी रेडिओ मोठा करायचे. एकदा रजा काढून ते एसटीनं कारखान्यावर गेले, तर टोळी आदल्याच दिवशी उसाच्या दुसऱ्या फडात हलली होती. हंगाम संपला, पण गावात पाणी नव्हतं, म्हणून ती माणसं तिकडंच राहिली. पुढे मास्तरांनी महिने सांगायचंही सोडलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

पोर तिसऱ्या वर्षी आली, ती उड्या मारतच. ऑपरेशन उत्तम झालं. डोळा आरशासारखा स्वच्छ, वर जाड भिंगाचा चष्मा. मी तिच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली आणि समोर पितळी वाटी धरून हाक मारली. ती हसत हसत माझ्या आवाजाकडे आली आणि वाटीवर तिचं कपाळ आपटलं.

मास्तर मला एका शब्दानं बोलले नाहीत. रोज संध्याकाळी तिच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून ते तिच्यासमोर कंदील हलवत बसायचे. "दिसतंय का गं, माय?" त्यांना बरं वाटावं म्हणून ती "हो" म्हणायची आणि भलतीकडेच बोट दाखवायची. दसरा झाला, पुन्हा ट्रक आला, आणि तेही थांबलं.

मास्तर गेले तेव्हा ती पोर स्वतः लेकुरवाळी होती. त्यांच्या दहाव्याला नदीवर आली. मी तिच्या उजव्या बाजूला, हातभर अंतरावर उभी होते. ती पलीकडच्या बायकांना विचारत होती, "नर्सबाई आल्या न्हाईत का?"

दोन पावलं टाकून तिच्या डावीकडे जायचं होतं, एवढंच. जन्मभर बडबड करणारी मी, तोंड मिटून तिथंच उभी राहिले.