सातनंतरचा उपवास

आमच्या घरात वजन कमी करण्याचा एकच शास्त्रशुद्ध प्रयत्न झाला, आणि त्यात घरातल्या तिघा मोठ्या माणसांचं वजन मिळून सहा किलोंनी वाढलं. प्रयत्नाची आखणी माझी होती.

निमित्त झालं माझ्या नवऱ्याच्या, सुहासच्या, रक्तातल्या साखरेचं. ती अजून आजार म्हणावा इतकी वाढली नव्हती. उंबरठ्यावर उभी राहून 'आत येऊ का' असं विचारत होती, इतकंच. गाझियाबादच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून पेनाचं टोक फिरवलं आणि म्हणाल्या, "तीन महीने देती हूँ. पाँच किलो कम कीजिए, नहीं तो गोली शुरू. रात का खाना जल्दी लीजिए, और हल्का."

गोळी! मानेसरच्या कारखान्यात दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात उभा राहणारा हा माणूस त्या दोन अक्षरांनी पांढराफटक पडला. त्याच्या लेखी गोळी म्हणजे म्हातारपणानं नाव-पत्ता घालून पाठवलेलं पहिलं पत्र होतं. परतताना ऑटोत त्यानं चक्क माझा हात धरला. (लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर हात धरला जातो तो बहुधा रस्ता ओलांडताना.)

"मेधा, तू म्हणशील ते करतो. पण गोळी नको यार."

डॉक्टरीणबाईंच्या वाक्यात दोन सूचना होत्या: लवकर आणि हलकं. पहिली माझ्या मनात घंटेसारखी निनादत राहिली. दुसऱ्या सूचनेकडे मी वळूनही पाहिलं नाही. कवितेत वाढलेल्या माणसाचा हा दोषच असावा. पोळ्या मोजण्यात कसलं आलंय सौंदर्य? पण दिवसाबरोबर ताट उचललं जावं, उजेड मावळताना चूलही मावळावी, या कल्पनेत केवढा डौल होता! त्या रात्री मी फोनवर चार लेख वाचले. त्यांतल्या दोनांत उशिरा जेवल्यानं वजन वाढतं असं म्हटलं होतं, दोनांत तसं काही नसतं असं म्हटलं होतं. मी पहिले दोन ग्राह्य धरले. मग जाड कागदावर, वळणदार अक्षरांत एक ओळ लिहिली आणि फ्रिजवर चिकटवली:

'संध्याकाळी सातनंतर या घरात जेवण होणार नाही.'

"मम्मा, सातला तर अजून ऊन असतं," आमची बारा वर्षांची ईरा म्हणाली.

"म्हणूनच," मी गंभीरपणे म्हणाले.

पहिली अडचण त्याच दिवशी उभी राहिली. सुहासची कंपनीची बस मानेसरहून सहाला सुटते आणि सगळी दिल्ली पोटात घेऊन आमच्या वळणावर साडेआठला येते. म्हणजे सात वाजता तो कुठल्यातरी उड्डाणपुलावर असतो.

"मग तू बसमध्येच जेवायचं," मी निर्णय दिला.

"बसमध्ये? सगळ्यांसमोर?"

"लाज वाटली तर खिडकीकडे तोंड करून जेव."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पिशवीत दोन डबे जाऊ लागले. घरी आम्ही तिघी, म्हणजे मी, ईरा आणि माझ्या सासूबाई, पावणेसातला पानावर बसू लागलो. जूनचं ऊन बाल्कनीच्या जाळीतून थेट आमटीत पडे. भाताला अजून दुपारचा वास असे, आणि मीठ जिभेला लागण्याआधी कपाळावरच्या घामातून ओठांवर येई. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण ऋषिमुनींसारखे प्राचीन झालो आहोत.

हे प्राचीनपण साडेआठपर्यंत टिकलं. साडेआठला माझ्या पोटातून असा आवाज आला की ईरानं पुस्तकातून मान वर करून पाहिलं.

सासूबाई शांतपणे उठल्या. त्या सगळंच शांतपणे करतात. चाळीस वर्षं दिल्लीत काढूनही त्यांचा स्वयंपाक आणि पंचांग दोन्ही पुण्याच्या वेळेवर चालतं. त्यांनी कढई गॅसवर ठेवली.

"आई, काय करताय? सात वाजून गेले!"

"मी कुठे जेवण करतेय? कागदावर लिहिलंयस ना, जेवण नाही म्हणून? रात्रीचं जेवण नाही म्हणजे उपवासच झाला की तो. आणि उपवासाच्या घरात माणसं उपाशी झोपवायची असतात का गं?"

"पण आई..."

"साबुदाणा दुपारीच भिजवून ठेवलाय."

आता हे वाचणाऱ्यानं स्वतःच्या मनाला विचारावं. उपवासाचा फराळ जेवणात धरत नाहीत, हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? मी अशा घरात वाढले, जिथे एकादशीला बाकीच्या दिवसांच्या दुप्पट खाल्लं जाई आणि तरी सगळे एकमेकांकडे करुणेनं पाहत. त्यामुळे माझी सदसद्विवेकबुद्धी कूस बदलून पुन्हा झोपली. शिवाय कढईत साजूक तूप पातळ झालं होतं. त्यात जिरं पडलं, तडतडलं; मिरचीचा हिरवा ठसका उठला; मग दाण्याच्या कुटाचा तो कोमट, मातकट, पोरकं मन जवळ घेणारा वास, आणि एकेक दाणा पांढऱ्याचा पारदर्शक होत जाणारा साबुदाणा... अशा क्षणी नियम आठवत नाहीत. लिंबू आठवतं.

एवढ्यात सुहास आला. दारातच त्यानं नाक वर केलं.

"हे काय? सातनंतर?"

"तुझा उपवास आहे," सासूबाई म्हणाल्या. "हात धुऊन ये."

असा आमचा उपवास सुरू झाला, आणि तो रोज होता! साबुदाण्याचा कंटाळा आला तेव्हा रताळ्याचा कीस आला. मग बटाट्याची तुपातली भाजी. एकदा वऱ्याचे तांदूळ आणि वर दाण्याची आमटी. ते ताट वरण-भाताइतकंच हुबेहूब वरण-भातासारखं दिसत होतं, हे ईरानं बोलून दाखवलं.

"आजी, हा राइसच आहे ना?"

"नाही बाळा, हे उपवासाचं आहे," आजी म्हणाल्या, आणि पोरीनं मान डोलावली. दिल्लीत वाढल्यानं तिचे कितीतरी मराठी शब्द गळून गेले, पण ही विद्या मात्र तिनं एका वाक्यात आत्मसात केली.

दर रविवारी सकाळी मी वजनाचा काटा हॉलच्या मधोमध मांडत असे. पहिल्या रविवारी सुहास अर्ध्या किलोनं वाढला होता.

"शरीर गोंधळलंय," मी म्हणाले. "नव्या लयीला वेळ लागतो."

दुसऱ्या रविवारी लय आणखी अर्ध्या किलोनं दृढ झाली होती. मी काट्यातले सेल बदलले. तिसऱ्या रविवारी काटा स्वयंपाकघरात नेला, कारण हॉलच्या फरशीला उतार असल्याचा मला संशय आला. चौथ्या रविवारी मी स्वतः त्यावर उभी राहिले, आकडा पाहिला आणि काटा बिघडला असल्याचं जाहीर केलं. ईरा दप्तर घेऊन त्यावर चढली, उतरली, मग दप्तर ठेवून चढली आणि म्हणाली, "बिल्कुल ठीक आहे मम्मा. बुक्स साडेपाच किलो आहेत."

काटा निर्दोष सुटला, तेव्हा गुन्हेगार माणूसच असणार. माझं वजन प्रवासात न जाता घरात बसून वाढलं होतं, म्हणून मी माझ्या प्रकरणाला स्थगिती दिली आणि सुहासची चौकशी हाती घेतली.

"तू कँटीनमध्ये खातोस."

"नाही गं."

"समोसा?"

"तुझी शपथ, कँटीनचं तोंडही पाहत नाही. फक्त तुझा डबा."

तो 'फक्त' म्हणताना किंचित थांबला. ज्या बाईचं अर्धं आयुष्य ओळींमधल्या यतीवर कान ठेवण्यात गेलं, तिच्यापासून असा विराम लपत नाही. दुसऱ्या दिवशी साडेआठला मी खाली उतरले आणि बसच्या वळणावर कडुलिंबाखाली उभी राहिले. हवेत तापलेल्या डांबराचा आणि कुणाच्या तरी गच्चीवरच्या ओल्या कुंड्यांचा वास होता. बस आली, दार उघडलं आणि आधी सुहासऐवजी वासच उतरला. हिंगाचा, कसुरी मेथीचा, तुपाचा आणि (मी चमकले) आमच्या साबुदाणा वड्यांचा!

खिडकीतून एक भव्य मिशी बाहेर आली. ते खुरानाजी, सुहासच्या शेजारच्या सीटवरचे.

"भाभीजी, नमस्ते! आज के वड़े तो कमाल थे. माताजी को हमारा प्रणाम कहना!"

"कौन-से वड़े?" मी विचारलं.

"वही, व्रत वाले! आपके यहाँ से आते हैं तो खाली डिब्बा थोड़े ही लौटाएँगे. मेरी वाली मूली के पराँठे भेजती है, सक्सेनाजी के राजमा, पिल्लै साहब की इडली. अब तो पूरी बस का व्रत चल रहा है जी!"

बसमधून सात-आठ हात भक्तिभावानं जोडले गेले. बस निघून गेली. सुहास हातात पिशवी घेऊन उभा राहिला. पिशवीत दोनऐवजी तीन डबे होते.

"तिसरा आई देते," तो म्हणाला. "म्हणाली, सातनंतरचा प्रवास फार लांबचा असतो."

"म्हणजे तू साडेसहाला माझा डबा खातोस, सातला बस खातोस आणि नऊला घरी येऊन उपवास करतोस?"

"एकट्यानं खाता येतं का मेधा? समोरचा डबा पुढे करतो. नाही कसं म्हणणार?"

मी रागावायला हवं होतं. पण मला आठवलं की वड्यांसाठी काल संध्याकाळी बटाटे मीच सोलले होते, आणि इतके कशाला म्हणून एकदाही विचारलं नव्हतं.

तीन महिने संपले. सासूबाई म्हणाल्या, मीही येते, डॉक्टरला नीट सांगायला माणूस हवं. सुहास तपासणीच्या खोलीत काट्यावर चढला तो डोळे मिटून. दोन किलो वाढ! डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला.

"रात का खाना कितने बजे लेते हैं?"

"रात का खाना?" सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "वो तो हमारे घर में होता ही नहीं! सात के बाद सिर्फ फलाहार."

"अरे वाह. कौन-सा फल?"

"फल नहीं. साबूदाना. आलू. शकरकंद. मूँगफली."

"उबली हुई?"

"घी में," सासूबाई दयाळूपणे म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "देखिए, अकेली घड़ी से वज़न नहीं घटता. दिनभर में कितना और क्या जा रहा है, असली बात वो है. देर से खाने में गड़बड़ अक्सर ये होती है कि आदमी खाए के ऊपर खाता है. आपने तो उसका टाइम-टेबल बना दिया! भाई साहब, एक महीना और. घर आकर, परिवार के साथ, एक बार खाइए. नौ बजे हैं तो नौ बजे सही, पर हल्का." मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि जरा रेंगाळली. "आप भी ज़रा काँटे पर आइए."

मी तीन किलोंनी वाढले होते. उरलेला एक किलो सासूबाईंचा, आणि तो त्यांना शोभूनही दिसत होता. महिन्यानं माझंही रक्त तपासायचं ठरलं.

महिन्याभरात जे घडलं ते माझ्या सौंदर्यदृष्टीला मुळीच मानवणारं नव्हतं. सुहास रात्री पावणेनऊला घरी येई, दोन फुलके, भाजी आणि वाटीभर वरण खाई, आणि ईराबरोबर खाली चक्कर मारून येई. बसमध्ये तो आता सगळ्यांना सांगे की माझं व्रत पूर्ण झालं. (खुरानाजींनी उद्यापनाची मिठाई मागितली. सासूबाईंनी पाठवली.) इतक्या उशिरा जेवून, सगळे नियम मोडून, हा माणूस महिन्यात तीन किलो उतरला!

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई त्याच्यावर प्रसन्न झाल्या. "बहुत बढ़िया, शुगर भी नीचे आ गई. गोली की ज़रूरत नहीं." सुहासनं सोडलेला निःश्वास इतका दीर्घ होता की टेबलावरचे कागद हलले. त्यांतलाच एक त्यांनी उचलला. तो माझा होता.

"आपकी शुरू करनी पड़ेगी," त्या सौम्यपणे म्हणाल्या. "एक गोली रोज़, रात के खाने के बाद."

सुहास छताकडे पाहू लागला. सासूबाईंनी पदर सावरला. त्यांना ठाऊक होतं, आणि आता मलाही कबूल करणं भाग होतं: फ्रिजवरचा तो कागद माझ्या हातचा असल्यानं मी तो महिनाभर एकटीनं पाळला होता. रोज बरोबर पावणेसातला, पूर्ण ताट. आणि नवऱ्याला एकट्यानं जेवू देणं आपल्यात बरं दिसत नाही, म्हणून मग रोज पावणेनऊलाही.

मी वही उघडली, पेन हातात घेतलं आणि अत्यंत प्रामाणिकपणे विचारलं, "डॉक्टर साहिबा, पहले वाले के बाद, या दूसरे वाले के?"