बिनचहाचा गट

बावन्नाव्या वर्षी टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन नंदा वाघमारे मानसशास्त्राच्या एम.ए.ला बसल्या, त्याला दोन कारणं होती. एक, माणसं अशी का वागतात याचं त्यांना लहानपणापासून कुतूहल. दुसरं, या विषयात गणित नसतं ही त्यांची पक्की समजूत. पहिल्याच आठवड्यात वेळापत्रकात ‘संख्याशास्त्र’ दिसलं आणि दुसरं कारण निकालात निघालं.

“घरात तीस वर्षं एक माणूस समोर बसलाय,” बाबुराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. “त्याचं मन कळायला आकडेमोड कशाला?”

“एकाच माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही,” नंदाताई म्हणाल्या. तेवढं पहिल्या तासाला समजलं होतं. पुढचं मात्र समजायला दिवाळी उजाडली. पहिल्या चाचणीत वीसपैकी सहा मिळाले तेव्हा त्यांनी पेपर घडी घालून पर्सच्या तळाशी ठेवला आणि शेजारच्या बाकावरच्या ऋतिकाला, म्हणजे मुलीहून लहान पोरीला, गाठलं. “बाई गं, मला पहिल्यापासून शिकव.” तिनं शिकवलं.

मग प्रत्येकानं एक छोटा प्रयोग करायचा ठरला. नंदाताईंनी विषय घेतला, चहा प्यायल्यावर माणसाला जास्त लक्षात राहतं का? शनिवार पेठेतल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तीस बायका जमल्या. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. पंधराजणींना चहा, पंधराजणींना पाणी. मग वीस शब्द वाचून दाखवायचे आणि दहा मिनिटांनी आठवतील तेवढे लिहायला सांगायचे.

सोसायटीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या गोदाबाईंच्या चिठ्ठीवर ‘पाणी’ निघालं.

“म्हणजे वाघमाऱ्यांकडे मला चहा नाही?”

“काकू, चिठ्ठीनं ठरलंय.”

“अस्सं. चहा चिठ्ठीनं देतात होय आता?” असं म्हणून गोदाबाईंनी शेजारच्या कल्याणीचा कप उचलला आणि सगळ्यांदेखत निम्मा संपवला. पुढे त्यांनी चारच शब्द लिहिले. त्यातला ‘साखर’ यादीत नव्हताच.

निकाल उलटाच लागला. बिनचहाच्या बायकांना जास्त शब्द आठवले होते, बहुधा रागानं. पण फरक पुरेसा नव्हता. चहानं काहीच होत नसेल, तरी नुसत्या योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात सात निघाली. पाचाच्या आत आली, तरच निष्कर्षाला वजन.

ऋतिकानं लॅपटॉपवर गोदाबाईंची ओळ पुसून पाहिली. “ताई, चार! झालं की काम. नाहीतरी त्यांनी चीटिंगच केलंय.”

नंदाताई बराच वेळ त्या चाराकडे बघत राहिल्या. वीसपैकी सहा मिळालेल्या बाईला तो आकडा फार देखणा दिसत होता. गोदाबाईंना काढायला कारणही चोख होतं. पण आकडा सात आल्यावरच ते सुचलं होतं. निकाल मनासारखा असता, तर गोदाबाईंचा निम्मा कप कोणाला आठवला असता?

“राहू दे गं त्यांना,” त्या म्हणाल्या आणि अहवालात सातच लिहिला. कपाची हकीकतही लिहिली.

त्यांना अकरा गुण मिळाले. ऋतिकानं स्वतःच्या प्रयोगातून तीन नावं गुपचूप गाळली होती. तिला अठरा मिळाले, शिवाय विभागाचं बक्षीस. इकडे गोदाबाई पेठभर सांगत सुटल्या, “नंदाच्या पुस्तकात मी आहे.”

पुढच्या वर्षी संख्याशास्त्र शिकवणाऱ्या केदार सरांनी नव्या वर्गाला नंदाताईंचा अहवाल पडद्यावर दाखवला. शीर्षक होतं ‘प्रयोगातल्या चुका’. त्यांनी सहा मोजल्या.

मागच्या बाकावर येऊन बसलेल्या नंदाताईंनी हात वर केला. “सर, सातवी राहिली. कोणी चहा प्यायलाय हे शब्द तपासणारीला माहीत होतं. आणि तपासणारी मीच होते.”

सरांनी खडू उचलला. “नंदाताई, तुम्हीच पुढे येता का?”

त्या गेल्या.