खालचा उजवा कोपरा

थंडी अशी कडक होती की शाईसुद्धा डबीत रुसून बसली होती. सुरीनं उकरली तर मेणासारखे कपचे निघत. खिळेबाईनं डबी स्टोव्हवरच्या चहाच्या भांड्याला टेकवून ठेवली, हात काखेत घातले आणि यंत्राकडे बघत उभी राहिली. काल यंत्राशी झालेल्या भांडणानंतर दोघांची ही पहिलीच गाठ.

यंत्र म्हणजे टेबलावर मावेल एवढं हाताचं छापयंत्र. दांड्याच्या एका हेलकाव्यात रूळ अक्षरांना शाई लावतो आणि लोखंडी पाटी कागदाला अक्षरांवर दाबते. बापाचं यंत्र. बाप ते धाकट्या मुलाला शिकवायला बसला, आणि मुलानं दुसऱ्याच दिवशी बोट चेंगरून घेतलं. मागं उभी राहून बघणारी थोरली मात्र शिकून मोकळी झाली. पुढं तिचं लग्न झालं, दोन वर्षांत ती परत आली. का आलीस म्हणून विचारलं की सांगायची, तिथं बोलायला कुणी नव्हतं, इथं निदान खिळे तरी आहेत. खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं. गल्लीनं तिचं नावच खिळेबाई पाडलं, आणि तिनंही ते कधी खोडलं नाही. याला तीस वर्षं झाली. बाप गेला, विजेवर चालणारे मोठे छापखाने आले, पण बाईचा दांडा थांबला नाही.

मागचे पंधरा दिवस तेवढा थांबला होता. तापानं तिनं अंथरूण धरलं होतं. उठली ती शिंप्याच्या पत्रकांसाठी. त्याच्या दुकानापुढचा रस्ता खणून ठेवलेला, आणि कुणीतरी उठवलं होतं की शिंप्यानं गाशा गुंडाळला. त्याला पन्नास कागद हवे होते. मोठ्या लाकडी अक्षरांत तीन ओळी : दुकान, चालू, आहे. काल तिनं पहिला कागद काढला. 'दुकान' काळंभोर उठलं, 'चालू' बरं उठलं, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातलं 'आहे' धुतलेल्या डागासारखं. शिंपी म्हणाला, बाई, हे वाचून गिऱ्हाईक म्हणेल, दुकान आहे की नाही हे दुकानदारालाच ठाऊक नाही.

नेमका त्याच वेळी धाकटा भाऊ आला. खोली निम्मी त्याच्या नावावर, आणि दोन वर्षं त्याचा एकच घोषा, हे लोखंड काढू आणि भाडेकरू ठेवू. त्यानं कागद उजेडात धरला. कंबर मोडली याची, उद्या बाराला भंगारवाल्याला बोलावतो, म्हणाला. तिच्या अंगात ताप मुरलेला, जीभ जड. ती गप्प राहिली, आणि धाकट्यानं ते गप्प राहणं होकारात धरलं.

आता सकाळी तिनं पाटीवरच्या पकडी सैल केल्या. छापायच्या कागदामागं पाटीवर जाड कागदांचं अस्तर असतं. तिनं ते उचलून बघितलं, आणि आत निघाला एक कोरा, पांढराशुभ्र पुठ्ठा.

ती स्टुलावरच बसली. तिथं बापाचं जुनं तपकिरी अस्तर असायला हवं होतं. त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढे झिरझिरीत कागदाचे तुकडे एकावर एक चिकटवलेले. बापानं सुरू केलेले, तिनं वाढवलेले. लोखंड तिथं झिजलं तसतसा तुकडा चढला. यंत्राची कंबर शाबूत होती. कुणीतरी त्याची काठी काढून नेली होती.

तिनं धाकट्याला हाक मारली. तो दाढीचा फेस पुसत आला. तू आजारी होतीस अक्का, म्हटलं जरा साफसफाई करावी, आतला कागद कुजला होता, फेकला, नवा पुठ्ठा घातला, म्हणाला. त्यानं चांगल्या मनानं केलं होतं. हेच वाईट. रागवायला धड जागा ठेवली नव्हती. तिनं ती काढलीच, आणि कोपऱ्यातल्या तुकड्यांचं सगळं त्याला सुनावलं.

"म्हणजे यंत्र मुळातच तिरकं," तो म्हणाला. "कागदाची ठिगळं लावून चालवायचं, याला काय अर्थ आहे?"

"तुला चष्मा लागला तेव्हा डोळे भंगारात घातलेस का रे?"

तो म्हणाला, भंगारवाला येणार म्हणजे येणार. ती म्हणाली, येऊ दे, तीन तास आहेत.

शाई एव्हाना शुद्धीवर आली होती. तिनं एक कागद काढला, पालथा केला आणि डोळे मिटून बोटं फिरवली. छाप पाठीमागून वाचायची, हे बापाचं शिकवणं. अक्षर टेकतं तिथं कागदाच्या पाठीला उंचवटा लागतो. 'आहे'च्या पाठीवर काहीच लागेना, नुसतं गुळगुळीत. तिनं झिरझिरीत कागद हातानं फाडला. कात्रीची कड छापात रेघ मारते, फाडलेली मुरून जाते. खळ लावून कोपऱ्यात तुकडा बसवला. दुसरा कागद. 'आ' उठला, 'हे' अजून फिकट. आणखी दोन तुकडे, एक मोठा, एक लहान. तिसऱ्या कागदावर 'हे' इतकं दाबलं गेलं की कडेनं शाई ओघळली. अंगात आलंय याच्या, ती पुटपुटली, आणि वरचा तुकडा नखानं सोलून काढला.

पाचव्या कागदावर चारी कोपरे एका आवाजात बोलले. मग तिनं मान वर केली नाही.

बाराला भंगारवाला आला आणि वजन अजमावायला त्यानं यंत्राची एक बाजू उचलायला घेतली.

"हात काढ," ती म्हणाली. "शाई ओली आहे आणि मी तुझ्याहून जड आहे."

तो हसला आणि मागं सरला. धाकट्यानं वरचा कागद घेतला, पुढून बघितला, पालथा केला. बोट कोपऱ्यावरून फिरलं आणि थांबलं. तरी त्यानं हेका सोडला नाही. खोली निम्मी माझी आहे, म्हणाला.

"आहेच. दोरी आण, मोजू. यंत्र माझ्या निम्म्यात आहे. तुझ्यात भाडेकरू ठेव, हवा तर बँडवाला ठेव. फक्त त्याला आधी सांग, इथं दिवसभर आवाज होतो. आणि पुन्हा साफसफाईची हुक्की आली तर बायकोच्या कपाटापासून सुरुवात कर."

भंगारवाला म्हणाला, तिकडं मी येत नाही, आणि रिकामा तराजू खांद्यावर टाकून निघाला. धाकटा दोरी आणायला काही गेला नाही. कागद मात्र त्यानं घडी न घालता खाली ठेवला.

शिंपी पन्नास पत्रकं घेऊन गेला. खिळेबाईनं रॉकेलचा बोळा उचलला आणि लाकडी 'हे' पुसायला घेतलं. चहा केव्हाच आटून गेला होता.